हाताने काढलेला इमोजी मीम कसा होतो: चित्रकारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

फेब्रुवारी २०१७मध्ये फेसबुकवर एक जांभळं कबूतर जोरजोरात मान हलवू लागलं. कुठल्याही पोस्टखाली बघावं तर तेच. सिड वायलर या अमेरिकी चित्रकारांच्या ‘ट्रॅश डव्ह्ज’ नावाच्या स्टिकर-संचातलं ते एक चित्र. हा संच सप्टेंबर २०१६मध्ये आयफोनच्या मेसेजसाठी आला, जानेवारी २०१७च्या अखेरीस फेसबुकवर आला, आणि थोड्याच दिवसांत थायलंडमधल्या एका फेसबुक पेजने एक छोटा व्हिडिओ टाकला: एका बाजूला मान हलवणारं कबूतर, शेजारी नाचणारी मांजर. तिथून ते जे सुटलं, ते काही आठवडे थांबलंच नाही.

संचात कबुतराच्या बऱ्याच मुद्रा होत्या, पण लोकांनी उचललं ते हे एकच. त्या हालचालीत जोर प्रचंड आहे, आणि मान नेमकी कशासाठी हलतेय हे मात्र चित्रात कुठेच सांगितलेलं नाही. आनंदाने, संतापाने, गाण्याच्या ठेक्यावर, डोकं फिरल्यामुळे, कशानेही मान हलू शकते. ज्याला जे म्हणायचंय ते त्याने त्यात घालावं. हाताने काढलेला इमोजी मीम होतो त्यामागे माझ्या मते हेच असतं: हावभाव ठाम आणि अर्थ मोकळा. पुढे जे काही सांगणार आहे ते याच धाग्यावर आहे. मात्र अर्थ मोकळा सोडला म्हणून आपलं नावही सुटून जाऊ नये, यासाठी काय करायचं तेही तितक्याच तपशिलात सांगेन, कारण चित्रकारांचं खरं नुकसान तिथे होतं.

इमोजी, इमोट, स्टिकर: तुम्ही नेमकं काय काढताय

फोनच्या कीबोर्डवरचा इमोजी हे यूनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या सामायिक यादीतलं एक अक्षर असतं. त्याचं चित्र ॲपल, गूगल, सॅमसंग आपापल्या पद्धतीने काढतात. तिथे नवा इमोजी सुचवता येतो, पण तो मंजूर झाला तरी तुमचं चित्र जसंच्या तसं येत नाही. शिवाय प्रस्तावापासून फोनमध्ये दिसेपर्यंत दोनेक वर्षं सहज जातात. वितळणारा चेहरा जेनिफर डॅनियल आणि नील कोन यांनी २०१९मध्ये सुचवला आणि तो यूनिकोडमध्ये आला २०२१ला. रिक्षा, पणती आणि साडी हे इमोजी २०१९च्या यादीत आले. काम मोलाचं आहे, पण वाट वेगळी आहे.

आपला विषय आहे चित्रकाराचं चित्र जसंच्या तसं फिरतं त्या जागांचा: व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे स्टिकर, डिस्कॉर्ड आणि स्लॅक या गप्पांच्या ॲपमधले स्वतः चढवलेले इमोजी, ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरचे इमोट, म्हणजे तिथल्या गप्पांत टाकायची छोटी चित्रं. मराठी चित्रकाराने सुरुवात व्हॉट्सॲपपासून करावी. आपली घरं, सोसायट्या, शाळेचे जुने वर्ग, सगळे तिथेच बोलतात.

काय काढायचं ते गप्पांमध्ये शोधा

कागद घेऊन पात्र शोधत बसू नका. आधी स्वतःचे तीन-चार ग्रुप उघडा: एक घरचा, एक कामाचा, एक मित्रांचा. मागचे काही आठवडे वर सरकवत वाचा आणि लोक पुन्हा पुन्हा काय टाइप करतात ते टिपा. ‘बघू’, ‘पोचलो’, ‘झालं का?’, ‘अरे देवा’, ‘मी नाही त्यातला’, ‘जेवायला या’. मग दुसरी खूण करा: यांपैकी कशासाठी लोक आहे तो इमोजी ओढूनताणून वापरतात? हात जोडलेला इमोजी आपल्याकडे नमस्कार, आभार, माफी, श्रद्धांजली आणि ‘बास आता’ या सगळ्यांसाठी चालतो. जिथे एका चित्रावर इतका भार आहे, तिथे नव्या चित्राला जागा आहे.

सण टाळा असं म्हणणार नाही, पण दिवाळीचा स्टिकर पाडव्यानंतर कोणी पाठवत नाही. मीम व्हायचं तर चित्राची गरज मंगळवारी दुपारी तीनलाही पडली पाहिजे.

यादीतून आठ-दहा उत्तरं निवडा. ती सगळी एकाच पात्राच्या तोंडी शोभतील का, हे बघा. कारण माणसं आधी पात्रावर जीव लावतात आणि मग त्याच्या मुद्रा शोधतात.

हावभाव पक्का करा

इथे एक उदाहरण जवळून घेऊ. समजा ‘बघू’ या उत्तरासाठी म्हैस काढायची ठरवलीत. निवड चांगली आहे, कारण रवंथ करणाऱ्या म्हशीला घाई नावाची गोष्ट माहीत नसते. आता पंढरपुरी म्हैस डोळ्यांसमोर आणा. तिची शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्याही मागे जाणारी. कागदावर ती फार सुंदर दिसतात. पण स्टिकरचा चौकोन मर्यादित असतो. शिंगं आडवी पसरली की सगळी रुंदी तीच खातात आणि चेहरा मधोमध सुपारीएवढा उरतो. म्हणून शिंगं मागे वळवा, टोकं चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यांत न्या आणि चेहऱ्याला निम्म्याहून जास्त जागा द्या. अंग जवळजवळ काढूच नका.

दुसरी अडचण रंगाची. काळी म्हैस डार्क मोडमध्ये दिसेनाशी होते. आकृतीभोवती आठ पिक्सेलची पांढरी कड द्या, अगदी व्हॉट्सॲपचीही तीच शिफारस आहे. आणि काळ्याऐवजी निळसर राखाडी रंग घ्या, म्हणजे भुवया आणि नाकपुड्यांच्या रेषा उठून दिसतील.

तिसरी गोष्ट पापण्यांची, आणि खरं काम तिथेच आहे. पापणी पूर्ण मिटली की म्हैस झोपली. अर्ध्यावर आणून बुबुळ मधे ठेवलं की ती कंटाळली. पापणी अर्ध्यावर आणि बुबुळ एका कोपऱ्यात सरकवलं, जबडा किंचित तिरका केला, की ती तुमचं ऐकतेय पण उत्तर द्यायची नाही असं तिने ठरवलंय. हा झाला ‘बघू’. फरक दोन रेषांचा आहे. अशा सात-आठ पापण्या काढून शेजारी शेजारी लावा, घरातल्या माणसाला दाखवा आणि ‘ही काय म्हणतेय?’ एवढंच विचारा. उत्तरं थोडी वेगवेगळी आली तर फारच छान, म्हणजे अर्थ मोकळा आहे. कोणालाच काही सुचलं नाही तर हावभाव अजून कच्चा आहे.

मग चित्र लहान करून बघा. डिस्कॉर्डवर ओळीत टाकलेला इमोजी बाविसेक पिक्सेलचाच दिसतो, ट्विचचा सर्वांत लहान इमोट २८ पिक्सेलचा असतो. जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी १९९९मध्ये डोकोमो कंपनीच्या मोबाइलसाठी १७६ इमोजी केले, तेव्हा प्रत्येकाला १२ बाय १२ ठिपक्यांचीच जागा होती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६मध्ये तो संच आपल्या संग्रहात घेतला. १४४ ठिपक्यांत जे उरतं तेच खरं चित्र, ही कसोटी आजही लावून बघण्यासारखी आहे. तुमची म्हैस ३२ पिक्सेलवर आणा. शिंगं, पापणी आणि तिरका जबडा दिसला पाहिजे. बाकी गेलं तर जाऊ द्या.

अक्षरं घालावीत का?

शक्यतो नको. चित्रावर ‘बघू’ लिहिलं की ते फक्त ‘बघू’ म्हणूनच वापरलं जातं, आणि मराठी न वाचणाऱ्या माणसापाशी थांबतं. नुसती म्हैस मात्र ऑफिसच्या मीटिंगलाही चालते आणि लग्नाच्या चर्चेलाही. अक्षरांची आवृत्ती करायचीच असेल तर ती वेगळी ठेवा. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं लहान आकारात बुजतात, म्हणून शब्द छोटा आणि फाँट जाड पण आतून मोकळा घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त हे फाँट खुल्या परवान्याचे, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येणारे आहेत आणि या कामाला उत्तम.

आयता इमोजी गिरवून त्यावर काम करण्याचा मोह होतो. ॲपलच्या चित्रांना हात लावू नका, ती त्यांच्या मालकीची आहेत. आधार हवाच असेल तर गूगलचे नोटो, ट्विटरने काढलेले ट्विमोजी किंवा ओपनमोजी हे खुल्या परवान्याचे संच आहेत. त्यांच्या अटी वाचून घ्या, काहींत मूळ कर्त्याचं नाव देणं बंधनकारक आहे.

फाइल तयार करताना

चित्र क्रिटा, इंकस्केप किंवा तुमच्या सवयीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काढा, पण मोठं काढा आणि मूळ फाइल लेयरसकट जपून ठेवा. तिचं महत्त्व हक्कांच्या भागात कळेल.

व्हॉट्सॲपला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, पारदर्शक पार्श्वभूमीचं वेबपी चित्र लागतं. स्थिर स्टिकर १०० केबीच्या आत, हलता ५०० केबीच्या आत आणि १० सेकंदांच्या आत. चारी बाजूंनी १६ पिक्सेल मोकळे सोडा. एका पॅकमध्ये कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर बसतात. स्थिर आणि हलते एकाच पॅकमध्ये मिसळता येत नाहीत. पॅकची खूण म्हणून ९६ बाय ९६चं, ५० केबीच्या आतलं वेगळं चित्र द्यावं लागतं.

टेलिग्रामवर एक बाजू बरोब्बर ५१२ पिक्सेल लागते, आणि व्हिडिओ स्टिकरला ३ सेकंद व २५६ केबीची मर्यादा आहे. तिथल्या ‘स्टिकर्स’ नावाच्या बॉटला, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या खात्याला, फाइल पाठवली की तो संचाची लिंक करून देतो. ही लिंक फार कामाची, कारण कोणीही एका स्टिकरवर बोट ठेवलं की पूर्ण संच उघडतो. डिस्कॉर्डला १२८ बाय १२८ आणि २५६ केबी.

हालचाल करायची तर एकच करा. कबुतराची फक्त मान हलते. ती हालचाल जिथे संपते तिथूनच पुन्हा सुरू झाली पाहिजे, मधे झटका नको. चार ते आठ फ्रेममध्ये हे होतं. डोळे मिचकावणं, शेपूट उडवणं, मागे तारे चमकणं हे सगळं एकदम घातलं की बघणाऱ्याला नेमकं काय उचलायचं ते कळत नाही.

पॅक भरताना प्रकाशकाच्या जागी स्वतःचं नाव लिहायला विसरू नका. व्हॉट्सॲपच्या स्टिकर फाइलमध्ये पॅकचं आणि प्रकाशकाचं नाव नोंदवलेलं असतं, त्यामुळे स्टिकर पुढे पाठवला तरी ते सोबत जातं. कोणी स्क्रीनशॉट काढला की मात्र ते नाव गळून पडतं. म्हणून चित्रातच, शिंगाच्या बुडाशी किंवा सावलीत, बारीक सही करा.

पहिली माणसं कोण

इथे बहुतेक चित्रकार घाई करतात. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकतात, दीडशे लाइक येतात, आणि स्टिकर वापरत कोणीच नाही. लाइक म्हणजे चित्र आवडलं. वापर म्हणजे त्याची गरज पडली. मीम दुसऱ्यांच्या वापरानेच होतो.

संच आधी अशा एका ग्रुपमध्ये द्या जिथे रोज बोलणं होतं आणि आपसांतले विनोद आहेत: एकांकिकेची टीम, ट्रेकचा ग्रुप, एखादा डिस्कॉर्ड सर्व्हर. स्वतः त्यांवर बोलू नका, स्वतः वापरा. ‘कसे वाटले?’ असं विचारलंत की लोक कौतुक करून मोकळे होतात. कोणी म्हटलं ‘रविवारी भेटायचं का?’, की म्हैस टाका आणि गप्प बसा. दुसऱ्या माणसाने ती तुमच्यावरच उलटवली की समजा गाडी सुटली. त्यांनी ती अशा प्रसंगी वापरली जो तुमच्या डोक्यातही नव्हता, तर त्याची नोंद करून ठेवा.

छोट्या जागेतल्या प्रेमाची ताकद किती, हे गूगलच्या ब्लॉबवरून दिसतं. अँड्रॉइडचे ते पिवळे, जिलेटिनसारखे इमोजी २०१३पासून होते. ऑगस्ट २०१७मध्ये आलेल्या अँड्रॉइड ओरिओत गूगलने ते काढून सरळ गोल चेहरे आणले. पण डिस्कॉर्डवरच्या लोकांनी ब्लॉब सोडले नाहीत. मूळ चित्रं खुल्या परवान्याची असल्यामुळे चित्रकारांनी त्यांना टोप्या घातल्या, नाचवलं, मांजरं केलं. एक अख्खी वस्ती उभी राहिली. पुढच्याच वर्षी, २०१८च्या जागतिक इमोजी दिनी, गूगलने ब्लॉब पुन्हा दिले, यावेळी स्टिकर म्हणून.

लोकांना कापू द्या, जोडू द्या

अमेरिकी चित्रकार के. सी. ग्रीन यांची आगीत बसलेल्या कुत्र्याची चित्रपट्टी ९ जानेवारी २०१३ची. तिच्यात सहा चौकटी आहेत, आणि शेवटी तो कुत्रा अक्षरशः वितळतो. जगाने घेतल्या फक्त पहिल्या दोन: भोवती ज्वाळा, समोर कॉफीचा कप, आणि ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य. शेवट कापल्यामुळे प्रत्येकाला आपापली आग त्यात बसवता आली. हा काप लोकांनी घेतला, चित्रकाराने नव्हे. ग्रीन यांनी पुढे २०१६मध्ये त्या कुत्र्याचं मऊ खेळणं लोकवर्गणीतून काढलं आणि त्याला जोरदार प्रतिसाद मिळाला. कापलेल्या चित्रामुळेच ते झालं.

म्हणून बदलाची सोय तुम्हीच करून द्या. पात्राचं पारदर्शक पार्श्वभूमीचं मोठं पीएनजी खुलं ठेवा. एक आवृत्ती हात रिकामे असलेली द्या, म्हणजे लोक त्यात छत्री, वडापाव, पगाराची पावती, जे हवं ते देतील. सोबत परवाना स्पष्ट लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, व्यापारासाठी वापरू नका’ हा परवाना बहुतेक चित्रकारांना पुरतो. घरगुती मराठीत एक ओळही लिहा: ‘बदला, फिरवा, विकू नका, नाव ठेवा.’ परवान्याचं पान कोणी वाचत नाही, ही ओळ वाचतात.

नाव आणि हक्क

भारतात चित्र काढल्याक्षणी त्यावर तुमचा कॉपीराइट असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर कामी येते. कलाकृतीच्या नोंदणीची फी ५०० रुपये, आणि चित्र एखाद्या वस्तूवर वापरलं जाणार असेल तर २,००० रुपये. दुसऱ्या प्रकारात ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखलाही लागतो. हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

हे नीट लक्षात ठेवा: नोकरीत, नोकरीचं काम म्हणून काढलेलं चित्र वेगळा करार नसेल तर मालकाचं. पात्र स्वतःचं हवं असेल तर ते स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांवर काढा. कोणी हक्क विकत मागितले तर ते लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ हे शब्द दिसले की थांबा आणि किंमत पुन्हा बोला. हक्क विकल्यावरही, कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाप्रमाणे, कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

कोणी तुमची म्हैस टी-शर्टवर छापून विकायला लागला तर तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा: लेयरची मूळ फाइल, पहिल्या प्रकाशनाची तारीख दिसणारी सार्वजनिक पोस्ट, आणि विक्रीच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट. मग त्या संकेतस्थळाच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर लेखी तक्रार करा. भारतीय नियमांनुसार रीतसर तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर दिसणं थांबवायचं असतं, सुरुवातीला २१ दिवसांसाठी. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत चढवता येतो, हेही माहीत असू द्या.

भलत्या हातांत गेलं तर

अमेरिकी चित्रकार मॅट फ्यूरी यांचा पेपे बेडूक २००५च्या सुमारास एका साध्यासरळ कॉमिकमध्ये आला, चार मित्रांपैकी एक म्हणून. २००८पासून तो फोरचॅन या निनावी गप्पांच्या संकेतस्थळावर फिरू लागला. ट्विचवरच्या घामाघूम, रडक्या, हसऱ्या कितीतरी इमोटचा मूळपुरुष तोच. पुढे अमेरिकेतल्या वर्णद्वेषी गटांनी त्याला इतकं वापरलं की सप्टेंबर २०१६मध्ये द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने त्याची द्वेषचिन्हांच्या यादीत नोंद केली. फ्यूरी यांनी २०१७मध्ये आपल्याच कॉमिकमध्ये त्याचा अंत्यविधी दाखवला, पण त्याने काही थांबलं नाही. उपयोग झाला तो कायद्याचा. पेपेचं पोस्टर विकणाऱ्या इन्फोवॉर्स या कटकथा पसरवणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळावर त्यांनी दावा केला आणि २०१९मध्ये १५,००० डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी हाँगकाँगच्या आंदोलकांनी मात्र तोच बेडूक लोकशाहीच्या मागणीसाठी हातात घेतला.

माझ्या मते फ्यूरी यांच्यावर अन्याय झाला, आणि त्यातलं बरंचसं ते बोलायला उशिरा लागल्यामुळे झालं असं म्हणणं क्रूरपणाचं ठरेल. आधी कोणी या वाटेने गेलंच नव्हतं. आपल्यासमोर मात्र त्यांचं उदाहरण आहे. ट्रॅश डव्ह्जच्या बाबतीतही फोरचॅनवाल्यांनी कबुतराला तसाच रंग द्यायचा प्रयत्न केला होता, पण वायलर यांनी लगेच आणि जाहीरपणे आपलं म्हणणं मांडलं.

म्हणजे करायचं काय? पात्राचं एक कायमचं पान ठेवा: ते कोणी काढलं, कधी काढलं, कशासाठी वापरू नये. जात, धर्म, बाई-पुरुष यांवरून कोणाला हिणवण्यासाठी चित्र वापरलेलं दिसलं तर त्या पानावर स्पष्ट नकार लिहा आणि त्याच दिवशी पोस्ट करा. मूळ द्वेषाची पोस्ट पुन्हा शेअर करू नका, तिला पाय फुटतात. जिथे विक्री किंवा प्रचार चालू आहे तिथे तक्रार करा. निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याही पक्षाच्या ग्रुपमध्ये आपलं पात्र त्यांच्या चिन्हासोबत दिसलं, तर परवाना दिलेला नाही एवढं लगेच कळवा.

दुसरा संच

तो कधी काढायचा? पहिल्यातलं कोणतं चित्र लोकांनी उचललं ते कळल्यावर. वापर मोजायला व्हॉट्सॲपमध्ये सोय नाही, म्हणून डोळ्यांवरच भिस्त: वेगवेगळ्या ग्रुपमध्ये कोणतं चित्र परत येतंय, आणि कोणतं तुम्हाला अनोळखी माणसाकडून आलंय. ते चित्र पॅकमध्ये पहिल्या क्रमांकावर आणा. त्याच मुद्रेचे चार-पाच अवतार काढा: तीच म्हैस पावसात, तीच म्हैस पाठमोरी, तीच म्हैस पिलासोबत. चेहऱ्याची मापं बदलू नका. पापणीची उंचीसुद्धा नाही, कारण लोकांनी तिलाच ओळखलंय. जे स्टिकर कोणी वापरत नाही ते काढून टाका, ३० जागांत त्यांना अडवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि स्वतःचं ॲप करून पॅक दिला असेल, तर चित्रं बदलल्यावर पॅकच्या फाइलमधला आवृत्ती क्रमांक वाढवा, नाहीतर ज्यांनी पॅक आधीच घेतलाय त्यांच्या फोनमध्ये जुनीच म्हैस दिसत राहील.